टिन व्हिसल का चोंदते आणि नाशिकच्या थंडीत ती मोकळी कशी ठेवायची

टिन व्हिसल, म्हणजे टोकाकडून फुंकून वाजवायची सहा छिद्रांची छोटी बासरी, पहिली पाच-सात मिनिटं बिनतक्रार वाजते. मग सगळ्यात खालच्या स्वराला खरखर येते. थोड्या वेळाने तो स्वर धरतच नाही. फुंक जरा वाढवली की वरच्या सप्तकात उडी मारतो. वरचे स्वर घोगरे होतात आणि शेवटी नुसता फुसफुसाट उरतो. नवशिका आधी आपल्या बोटांना दोष देतो, मग व्हिसलला, आणि ऑनलाइन मागवलेली शंभर-दोनशे रुपयांनी महाग दुसरी व्हिसल आणतो. तीही चोंदते. कारण बहुतेक वेळा दोष बोटांचा नसतो आणि व्हिसलचाही नसतो. आत पाणी अडकलेलं असतं.

हे पाणी म्हणजे थुंकी, असं घरचे लोक हमखास सांगतात. थोडी थुंकी असते, पण मुख्य पाणी आपल्या श्वासातल्या वाफेचं असतं. हा फरक नीट लक्षात आला तर पुढचे सगळे उपाय सोपे होतात, म्हणून कारणापासून सुरुवात करतो. घाई असेल त्यांनी सरळ साबणाच्या भागावर जावं. एकच उपाय करायचा असेल तर तोच करावा.

पाणी साचतं कुठे आणि का

व्हिसलचं वरचं टोक, ज्याला आपण चोच म्हणू, ते निरखून पाहा. ओठात धरायच्या टोकाला एक चपटी, अरुंद फट असते. या फटीची खालची बाजू म्हणजे आत बसवलेला ठोकळा आणि वरची बाजू म्हणजे चोचीचं छत. फट संपते तिथे वरच्या अंगाला चौकोनी खिडकी असते आणि खिडकीच्या पलीकडच्या कडेला तिरकी धार, म्हणजे पातं. फटीतून सरळ पट्टीसारखी निघालेली हवा पात्यावर आदळून वर-खाली थरथरते आणि त्यातून स्वर तयार होतो. बाकीची नळी आणि सहा छिद्रं फक्त तो स्वर किती उंच हे ठरवतात.

फटीची उंची जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या चिंचोळ्या जागेत पाण्याचा थेंब अडकला तर तो स्वतःच्या वजनाने घसरत नाही. दोन्ही भिंतींना धरून बसतो. हवेची पट्टी त्याला वळसा घालून वाकडी निघते, पात्यावर नेमकी पोचत नाही, आणि आवाज बसतो. आडव्या बासरीला हा त्रास नाही, कारण तिथे हवेची पट्टी आपले ओठ तयार करतात आणि ती उघड्यावरून छिद्राच्या कडेवर जाते. बासरीच्या पोटात पाणी जमलं तरी ते खालून गळून जातं. जत्रेत मिळणारं अलगूज मात्र व्हिसलच्याच जातीचं. त्यालाही ठोकळा आणि फट असते, म्हणून तेही असंच चोंदतं.

आता वाफ. आपला उच्छ्वास साधारण ३४ अंश सेल्सिअसचा आणि वाफेने पूर्ण भरलेला असतो. ३४ अंशाच्या एक लिटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३७ मिलिग्रॅम वाफ राहू शकते. हीच हवा २५ अंशांवर आली तर तिच्यात २३ मिलिग्रॅमच मावते आणि १० अंशांवर जेमतेम ९. उरलेल्या वाफेचं पाणी होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसंच व्हिसलला आतून सुटतं. हिशेब केला तर २५ अंशांच्या खोलीत लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम पाणी सुटू शकतं, १० अंशांच्या पहाटे सुमारे २८, म्हणजे दुप्पट. थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. यातली बरीचशी वाफ भिंतीला न टेकता बाहेर निघून जाते हे खरं, पण फटीत अडायला एकच थेंब पुरतो.

यावरून नाशिकचं वर्षभराचं गणित मांडता येतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, त्यामुळे हिवाळ्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास किंवा त्याखालीही जातो, आणि निफाडकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा तर रोज पेपरात येतो. याच दिवसांत व्हिसल सगळ्यात जास्त चोंदते. एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतच ३५ अंश असतात, व्हिसल श्वासाइतकीच किंवा त्याहून गरम असते, आणि वाफेचं पाणी जवळजवळ होतच नाही. म्हणून मे महिन्याच्या दुपारीही तुमची व्हिसल चोंदत असेल, तर ते पाणी खरोखर तोंडातलं आहे असं समजा आणि खाली लाळेबद्दल लिहिलंय ते वाचा. पावसाळा मधला. बाहेरची हवा दमट म्हणून आत जास्त पाणी सुटतं असं नाही, कारण श्वास आधीच वाफेने भरलेला असतो. पावसाळ्याची अडचण वेगळी: आत गेलेलं पाणी लवकर वाळत नाही.

एक समज इथेच निकालात काढू. तोंड उघडून हातावर ‘हा’ केलं तर हवा गरम लागते, ओठ मुडपून फुंकर घातली तर गार लागते. त्यावरून काही जण सांगतात की व्हिसलमध्ये गार फुंकर घाला, म्हणजे पाणी होणार नाही. फुंकर गार लागते कारण ती जाता जाता आजूबाजूची हवा ओढून घेते. व्हिसलची चोच ओठांत घट्ट असते, बाहेरची हवा मिसळायला वावच नसतो. फटीत जाते ती शरीरातली गरम, ओली हवाच. तेव्हा फुंक बदलण्याच्या खटपटीत पडू नका.

आधी खात्री करा

आवाज बिघडला की प्रत्येक वेळी पाणीच जबाबदार असतं असं नाही. डी पट्टीची नेहमीची व्हिसल घेतली तर सहाही छिद्रं बंद केल्यावर पेटीवरची पांढरी दोन वाजते. बासरीच्या सवयीने बोटं ठेवणाऱ्यांना तो मंद्र पंचम आणि तीन छिद्रं बंद केल्यावरचा सा पांढरी पाच. हा सगळ्यात खालचा स्वर उजव्या हाताची अनामिका जराशी सरकली तरी बिघडतो. म्हणून साधी चाचणी: व्हिसल ओठातच ठेवून तिच्यातून एकदा जोरात हवा आत ओढा आणि लगेच तोच स्वर वाजवा. सुधारला, तर पाणी होतं. जसाच्या तसा राहिला, तर बोटं तपासा. वाजवायला घेतल्या क्षणापासूनच घोगरा असेल, तर फटीत कचरा, धागा किंवा खिशातला गाळ आहे.

पहिली पायरी: चिकटपणा घालवणं

पाणी फटीत येणारच. प्रश्न असा की ते थेंब बनून बसतं की पातळ थर होऊन पसरतं. पातळ थराने आवाजाला फारसा धक्का लागत नाही, थेंबाने लागतो. आणि थेंब बनवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेलकटपणा. तेलकट पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, गोळा होतं.

हा तेलकटपणा कुठून येतो ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मिसळीची तर्री, चिवडा, भजी खाऊन तसंच वाजवायला बसलं की ओठांवरचं तेल चोचीतून आत जातं. पण त्याहून फसवी गोष्ट हिवाळ्यातली. थंडीने ओठ फुटतात, आपण व्हॅसलीन नाहीतर कोकमाचं तेल लावतो आणि त्याच ओठांनी व्हिसल धरतो. ओठांना लावायचं ते वाजवून झाल्यावर लावा. आधीच लावलं असेल तर सुती रुमालाने नीट पुसून काढा.

बासरी वाजवणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवं. बांबू कोरड्या हवेत तडकू नये म्हणून बासरीला आतून तेल देतात, ते बरोबरच आहे. तीच माया व्हिसलवर करू नका. प्लास्टिक किंवा धातूच्या फटीत खोबरेल गेलं की ती पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने चोंदेल.

नवी व्हिसल आणली तरी आधी धुवा. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकवर तेलकट थर राहिलेला असू शकतो. भांडंभर कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, चोचीकडचा भाग दहा मिनिटं बुडवून ठेवायचा. मग नळाखाली धरून खिडकीकडून फटीत पाणी सोडायचं, म्हणजे मळ आला त्याच वाटेने बाहेर पडतो. कॉलनीत बोअरचं पाणी असेल तर शेवटची खळखळ पिण्याच्या पाण्याने करा. जड पाणी वाळलं की मागे पांढरा थर ठेवतं आणि एवढ्याशा फटीत तोही जाणवतो.

उकळतं पाणी वापरायचं नाही, प्लास्टिक वाकडं होतं. मात्र जनरेशन कंपनीच्या व्हिसलसारखी, नळीवर प्लास्टिकची चोच डिंकाने चिकटवलेली व्हिसल असेल तर गिझरचं चांगलं गरम पाणी उपयोगी पडतं. चोच अर्धा-एक मिनिट त्यात धरायची आणि कापडाने पकडून हलकेच पिळायची. डिंक सुटला की चोच काढता-घालता येते. धुणं सोपं, वाळवणं सोपं, आणि चोच थोडी वर-खाली करून पेटीशी सूरही जुळवता येतो. पहिल्या प्रयत्नात नाही सुटली तर पुन्हा गरम पाणी. जोर लावायचा नाही.

मूळ पद्धतीच्या क्लार्क व्हिसलला यातलं काहीच करू नका. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्कने १८४३ पासून विकलेली ही व्हिसल पत्र्याची, खाली निमुळती होत जाणारी, आणि तिचा ठोकळा लाकडी असतो. लाकूड भिजवलं की फुगतं आणि फटीची उंचीच बदलते. तिला ओलसर कापडाने बाहेरून पुसणं पुरे.

दुसरी पायरी: साबणाचा थर

हा खरा उपाय, आणि जवळजवळ फुकटचा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे फटीत जमणारी वाफ थेंब न होता भिंतीवर पसरते आणि हळूहळू वाहून जाते. रेकॉर्डर नावाच्या, याच तत्त्वावर चालणाऱ्या युरोपीय वाद्यासाठी तर असं तयार द्रावण बाटलीत मिळतं; जर्मनीतल्या मोलेनहाउर कंपनीचं ‘अँटिकंडेन्स’ त्यातलंच. पण प्लास्टिकच्या चोचीसाठी स्वयंपाकघरातलं विम किंवा प्रिल चालतं.

एका चमच्यात लिक्विडचा एक थेंब आणि पाण्याचे तीन-चार थेंब मिसळा. फेस होईल असं ढवळू नका. व्हिसल चोच वर करून उभी धरा आणि ड्रॉपरने, तो नसेल तर स्वच्छ काडीच्या टोकाने, द्रावणाचे दोन थेंब फटीच्या तोंडाशी सोडा. ते आपोआप आत खेचले जातात. व्हिसल डावी-उजवीकडे थोडी कलती करा म्हणजे फटीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत ओल पोचेल. आता खिडकीवर बोट ठेवून एक हलकी फुंक मारा. जास्तीचं द्रावण बाहेर पडेल. चोच बाहेरून आणि ओठ टेकतात तिथे पुसून घ्या, आणि व्हिसल तशीच वाळू द्या.

धुवायची नाही. लोक इथेच चुकतात. साबण लावून स्वच्छ धुतला तर काहीच उरत नाही. आपल्याला तो वाळलेला, डोळ्यांना न दिसणारा थरच हवा आहे. उन्हाळ्यात तासाभरात वाळतो, पावसाळ्यात आणि थंडीत रात्रभर ठेवलेलं बरं. म्हणून कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी हा उद्योग करू नये.

पहिल्यांदा वाजवताना जिभेला किंचित कडवट चव लागेल. ती जाते. फार लागली किंवा खिडकीतून बुडबुडे आले, तर द्रावण जाड झालं होतं. पुढच्या वेळी पाणी वाढवा. लिंबाच्या वासाचं लिक्विड घेतलंत तर पहिले दोन दिवस प्रत्येक स्वराला भांड्याच्या मोरीचा वास येतो, तेवढी तयारी ठेवा. लहान मुलांच्या व्हिसलला साबण अगदी पातळ आणि चोच बाहेरून दोनदा पुसलेली असावी.

रोज वाजवणाऱ्यांना हा थर साधारण आठवडाभर साथ देतो, मग पुन्हा लावायचा. व्हिसल धुतली की अर्थातच लगेच. लाकडी ठोकळ्याच्या व्हिसलला मात्र भांड्याचा साबण नको. तिथे रेकॉर्डरचं तयार द्रावणच वापरावं, नाहीतर पुढच्या पायरीवर जास्त भर द्यावा.

तिसरी पायरी: वाजवण्याआधी ऊब

व्हिसल गरम असेल तर पाणी मुळात कमीच सुटतं. गरम म्हणजे अंगाच्या उबेइतकी, त्याहून जास्त नको. आणि पूर्ण नळीची चिंता करायची नाही, चोच उबदार झाली की काम झालं.

हिवाळ्यात सकाळी घराबाहेर वाजवायला जाणार असाल, सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला, तर व्हिसल गाडीच्या डिकीत किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये टाकू नका. स्वेटरच्या आतल्या खिशात, चोच वरच्या बाजूला ठेवून न्या. पोचल्यावर चोच मुठीत धरून दोन-तीन मिनिटं गप्पा मारा किंवा काखेत धरा. आयर्लंडपासून इथपर्यंत सगळे व्हिसलवाले हेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फुंकून गरम करणं हा दुसरा पर्याय: खिडकी बोटाने झाकून संथ, लांब श्वास आत सोडायचे. पण त्याने ऊब येण्याआधी पाणीच सुटतं, म्हणून शेवटी ते झटकून टाकल्याशिवाय सुरुवात करू नये. खिसा किंवा काख बरी.

शेकोटीवर धरणं, हेअर ड्रायर, उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड, हे तिन्ही टाळा. एका बाजूने तापलेली प्लास्टिकची चोच कायमची वाकते, आणि वाकलेल्या फटीवर इलाज नाही.

उबेचा आणखी एक फायदा सुराचा. हवेचं तापमान एक अंशाने उतरलं की स्वर साधारण तीन सेंटने उतरतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन स्वरांमधलं अंतर शंभर सेंट. फुंकीने नळीतली हवा गरम होत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा मोठा पडत नाही, पण थंड व्हिसल पेटीशी जुळवून वाजवायला लागलात तर पाच मिनिटांत ती चढलेली ऐकू येईल. ऊब देऊन मगच सूर जुळवा.

चौथी पायरी: तोंड आणि लाळ

वाजवण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि दोन घोट प्या. गोड चहा, लिमलेटची गोळी, आवळा सुपारी, यांनी लाळ सुटते आणि त्यातली साखर फटीत चिकटून बसते. चहा हवाच असेल तर नंतर चूळ भरायला विसरू नका.

चोच ओठांत थोडीच घ्यायची, टोकापासून सेंटिमीटरभर पुरे. दातांनी धरायची नाही. नवशिके ती अर्धी तोंडात घालतात. मग जीभ सतत फटीच्या तोंडाशी लागते आणि प्रत्येक स्पर्शाला लाळेचा थेंब आत जातो. ‘त’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकते तिथेच टेकवून स्वर सुटे करा. फटीवर जीभ आपटून सुटे केलेले स्वर ऐकायला खणखणीत वाटतात, पण थोड्याच वेळात बसतात.

मान खाली घालून, व्हिसल छातीला चिकटवून वाजवणं ही दुसरी सवय. तोंडातली लाळ उतारावरून सरळ फटीत जाते. मान सरळ, व्हिसल जमिनीकडे सुमारे ४५ अंशांत कललेली, एवढं ठेवा. त्याहून तिरकी केल्याने फटीतलं पाणी ओघळून जाईल ही आशा धरू नका. मिलिमीटरभर फटीत गुरुत्वाकर्षणाचं फारसं चालत नाही. आणि ओळ संपली की गिळा. गायकाला श्वासाच्या जागा ठरवाव्या लागतात, व्हिसलवाल्याला गिळायच्याही ठरवाव्या लागतात.

वाजवता वाजवता चोंदली तर

तीन युक्त्या आहेत आणि तिन्ही हाताशी असाव्यात.

चालू गाण्यात श्वासाच्या जागी नेहमीसारखा तोंडाच्या कडेने श्वास न घेता, व्हिसलमधूनच झटकन आत ओढा. अर्ध्या सेकंदाचं काम आहे. फटीतलं पाणी तोंडात येतं. ते तुमच्याच श्वासाचं आहे, गिळून टाका. सरावलेले वादक हे इतक्या सहज करतात की समोरच्याला कळतही नाही. व्हिसल स्वच्छ ठेवायचं हेही एक कारण.

दोन ओळींच्या मध्ये थोडी उसंत असेल तर उजव्या हाताची तर्जनी खिडकीवर आडवी ठेवा, पुरती झाका, आणि एक आखूड, जोरदार फुंक मारा. खिडकी बंद असल्यामुळे किंचाळी येत नाही आणि पाणी पुढे ढकललं जातं. बोट खिडकीवर टेकवायचं, पात्यावर दाबायचं नाही. पातं हा व्हिसलचा सगळ्यात नाजूक भाग. पत्र्याचं असेल तर दाबाने वाकतं.

गाणं संपल्यावर झटकणं. एका हाताने चोच आणि नळी दोन्ही एकत्र पकडून, चोच खाली करून मनगटाने एक झटका द्यायचा. चोच सैल केलेली असेल तर ती आधी धरा, नाहीतर ती पहिल्या रांगेत जाते. आणि झटकताना समोर कोण बसलंय तेही पाहून घ्या.

टाचणी, टूथपिक, कानकाडी, सुई यांपैकी काहीही फटीत घालायचं नाही. ठोकळ्यावर किंवा पात्यावर उठलेला एक ओरखडाही आवाजात ऐकू येतो. आत काही पुसायचंच असेल तर जुन्या मलमलच्या कापडाची फटीपेक्षा अरुंद पट्टी घ्या, चोचीकडून सरकवा, खिडकीत टोक दिसलं की थांबा आणि आल्या वाटेने परत ओढा. पलीकडे ढकलून पात्यावरून ओढून काढू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी

वातानुकूलित सभागृह हा नाशिकच्या हिवाळ्याचा बारमाही अवतार. कालिदास कलामंदिरासारख्या ठिकाणी मे महिन्यातही रंगमंचावर व्हिसल गार पडते. विंगेत बसलेले असताना ती टेबलावर किंवा स्टँडवर ठेवू नका; आपला प्रवेश येईपर्यंत कुर्त्याच्या आत असू द्या. पाडवा पहाटेला पिंपळपारावर किंवा गोदाघाटावर वाजवायचं असेल तर वारा हा जादा पाहुणा. तो धातूची चोच पटकन गार करतो, शिवाय खिडकीवरून वाहत स्वरही उडवतो. वाऱ्याकडे पाठ किंवा खांदा करून बसा.

एकाच पट्टीच्या दोन व्हिसल जवळ असल्या तर एक वाजते तेव्हा दुसरी खिशात उबेला राहते. दोन गाण्यांनंतर अदलाबदल. साध्या व्हिसलची किंमत बघता ही चैन नाही. मात्र दोन्ही आधी पेटीशी जुळवून घ्या. एकाच कंपनीच्या दोन व्हिसलही अगदी एका सुरात निघतील याची खात्री नसते.

वाजवून झाल्यावर

झटका, चोच बाहेरून पुसा, चोच निघत असेल तर काढा. स्वेटर विणायच्या सुईला मऊ सुती कापड गुंडाळून नळी आतून पुसा. सुईचं टोक कापडात पुरतं लपलेलं हवं, आणि चोच निघत नसेल तर खालच्या बाजूने जाऊन ठोकळ्याच्या बरंच अलीकडे थांबा. पितळेची नळी ओली राहिली तर काळी-हिरवी पडते आणि बोटांना वास येतो.

मग अर्धा तास उघडी. पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. पंख्याखाली रात्रभर ठेवा. ओली व्हिसल प्लास्टिकच्या पाउचमध्ये बंद केली की आत कुबट वास धरतो आणि बुरशीही येते, जी तुम्ही पुढच्या वेळी ओढून घेताना थेट छातीत घेता. सुती पिशवी चांगली. शिवून घेताना चोचीकडच्या बाजूला धागे सुटणार नाहीत अशी दुमड घाला, कारण फटीत अडकलेला एक धागा पाण्यासारखाच आवाज बसवतो आणि ओढून घेऊन निघत नाही.

व्हिसल निवडताना

पाण्याचा त्रास कमी हवा असेल तर सुरुवात प्लास्टिकच्या चोचीने करा. जनरेशन, फॅडोग, किंवा पूर्ण प्लास्टिकच्या डिक्सन आणि सुसाटो या प्रकारात येतात. प्लास्टिक उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे फटीची आतली भिंत फुंकीने लवकर उबदार होते आणि मग पाणी कमी सुटतं. अ‍ॅल्युमिनियमची जाड चोच ती ऊब सतत बाहेर फेकत राहते. क्लार्कचा लाकडी ठोकळा थोडं पाणी स्वतःच शोषून घेतो, म्हणून सुरुवातीला ती बरी वाटते, पण तासभर वाजवल्यावर ठोकळा फुगून आवाज अडू लागतो. तिला मध्ये मध्ये विश्रांती लागते.

लो व्हिसलचा मोह पडला असेल, म्हणजे तीच डी पण एक सप्तक खाली, सुमारे साठ सेंटिमीटर लांब, तर एवढं लक्षात ठेवा. हे वाद्य इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हर्टनने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आयरिश वादक फिनबार फ्युरीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतून घडवलं. त्या घडणीच्या व्हिसलचा आवाज भारदस्त, पण फट अरुंद आणि चोच धातूची. चोंदण्याबद्दल त्या प्रसिद्धच आहेत. लांबीमुळे ती स्वेटरच्या खिशातही मावत नाही. जानेवारीत नाशिकला ती वाजवायची तर चोचीवर लोकरीच्या मोज्याचा तुकडा चढवून आणा, साबणाचा थर आठवड्यातून दोनदा द्या, आणि पहिली दोन गाणी साध्या व्हिसलवर घेऊन लो व्हिसल तोवर काखेत ठेवा.